आरोग्यशाखांच्या विद्यार्थ्यांमधील वजनविषयक पूर्वग्रह कसा मोजावा : टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

पदव्युत्तर प्रबंधासाठी किंवा आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) अल्पकालीन विद्यार्थी प्रकल्पासाठी हा विषय घेणारे बहुतेक जण एकाच क्रमाने काम करतात. इंटरनेटवर एखादी प्रश्नावली सापडते, तिचा गूगल फॉर्म तयार होतो, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फिरतो, आठवडाभरात शे-दोनशे उत्तरे जमतात, आणि सांख्यिकीतज्ज्ञाकडे गेल्यावर प्रश्न पडतो की या आकड्यांतून नेमके काय दाखवायचे आहे. तोवर उशीर झालेला असतो, कारण या अभ्यासातील ज्या चुका नंतर दुरुस्त करता येत नाहीत, त्यांतील बहुतेक पहिला फॉर्म भरला जाण्याआधीच घडून गेलेल्या असतात. कान दुखतो म्हणून ओपीडीत आलेल्या रुग्णाला ‘आधी वजन कमी करा’ एवढेच ऐकून परतावे लागले, तर तो पुढच्या वेळी उशिरा येतो किंवा येतच नाही. उद्या त्याच ओपीडीत बसणाऱ्या विद्यार्थ्यांची दृष्टी आज मोजायची असेल, तर ते मोजमाप विश्वासार्ह असले पाहिजे. पुढील क्रम पुण्यातील महाविद्यालये डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे आणि त्यातील टप्पे मागेपुढे करू नयेत.

टप्पा १ : नेमके काय मोजायचे ते एका वाक्यात लिहा

‘वजनाविषयीचा कलंक’ या एका शब्दसमूहाखाली निदान पाच वेगळ्या गोष्टी येतात. पहिली, लठ्ठपणा असलेल्या व्यक्तींविषयी विद्यार्थ्याच्या मनात जाणीवपूर्वक असलेले मत किंवा नावड. दुसरी, लठ्ठपणा कशामुळे येतो आणि तो माणसाच्या हातात कितपत असतो याविषयीची त्याची समजूत. तिसरी, त्याला स्वतःलाही न जाणवणारा, मनात आपोआप उमटणारा कल. चौथी, स्वतःच्या वजनामुळे स्वतःलाच कमी लेखण्याची वृत्ती. पाचवी, इतरांनी वजनावरून केलेली हेटाळणी प्रत्यक्ष सोसल्याचा किंवा पोस्टिंगमध्ये, म्हणजे रुग्णालयातील प्रशिक्षणात, पाहिल्याचा अनुभव. यांपैकी प्रत्येकीसाठी वेगळे साधन लागते आणि एकीचे साधन दुसरीसाठी चालत नाही.

सर्वाधिक घोटाळा चौथ्या प्रकारात होतो. ड्युर्सो आणि लॅटनर यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेली ११ विधानांची ‘वेट बायस इंटर्नलायझेशन स्केल’ ही स्वतःच्या वजनाविषयीचा स्व-कलंक मोजते, रुग्णांविषयीचा पूर्वग्रह नव्हे. तिच्या नावातील ‘वेट बायस’ एवढेच वाचून ती ‘विद्यार्थ्यांचा रुग्णांकडे पाहण्याचा दृष्टिकोन’ या उद्दिष्टाखाली वापरली, तर सगळा अभ्यास वाया जातो. शिवाय मूळ मोजपट्टी वजन जास्त असलेल्या व्यक्तींसाठी रचलेली होती. सर्व वजनगटांतील व्यक्तींना विचारण्यासाठी पर्ल आणि पुल यांनी २०१४ साली तिचे सुधारित रूप दिले आहे. संपूर्ण वर्गाला ती द्यायची असेल, तर हे सुधारित रूपच घ्यावे.

दुसरी गल्लत ज्ञान आणि दृष्टिकोन यांची होते. लेप्टिन या भुकेशी संबंधित संप्रेरकाचे कार्य अचूक सांगणारा विद्यार्थी रुग्णाला मनातून आळशी ठरवत असू शकतो. म्हणून लठ्ठपणाविषयीच्या माहितीचे गुण दृष्टिकोनाच्या गुणांत कधीही मिळवू नयेत.

*पडताळणी :* ‘या अभ्यासात मी ______ वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या मनातील ______ हे ______ या साधनाने मोजणार आहे’ हे वाक्य विभागातील दुसऱ्या व्यक्तीला वाचायला द्यावे. तिला एकही शंका विचारावी लागली नाही, तरच पुढे जावे.

टप्पा २ : मोजपट्टी निवडा आणि तिची दिशा लिहून ठेवा

जाणीवपूर्वक मतांसाठी साधारणपणे पुढील साधने वापरात आहेत.

क्रॅन्डॉल यांची १९९४ची ‘अँटीफॅट ॲटिट्यूड्स’ प्रश्नावली १३ विधानांची असून तिचे तीन उपविभाग आहेत : नावड (७ विधाने), स्वतः लठ्ठ होण्याची भीती (३) आणि इच्छाशक्तीविषयीची समजूत (३). उत्तरे ० ते ९ या श्रेणीत घेतली जातात. यातील भीतीचा उपविभाग स्वतःविषयीचा आहे, रुग्णाविषयीचा नाही. त्यामुळे तिन्हींची एकत्र बेरीज करण्यापेक्षा प्रत्येकाची सरासरी वेगळी मांडणे योग्य ठरते. मला स्वतःला विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी हीच प्रश्नावली सर्वांत सोयीची वाटते, कारण नावड आणि दोषारोप या दोन गोष्टी ती वेगळ्या दाखवते, आणि पुढे अध्यापनात बदल करायचा झाला तर नेमका कशावर भर द्यायचा हे त्यातून कळते.

‘फॅट फोबिया स्केल’चे २००१ सालचे लघुरूप १४ विशेषण-जोड्यांचे आहे. प्रत्येक जोडीवर १ ते ५ गुण दिले जातात आणि अखेरीस सरासरी काढली जाते. ते भरायला फार वेळ लागत नाही, परंतु त्याचे मराठी रूप करणे कठीण आहे, ज्याविषयी पुढे लिहिले आहे.

ॲलिसन, बॅसिल आणि युकर यांच्या १९९१च्या दोन जोड-मोजपट्ट्यांपैकी ‘ॲटॉप’ ही २० विधानांची आहे आणि ‘बेऑप’ ८ विधानांची. दोन्हींत उणे ३ ते अधिक ३ अशी शून्य वगळलेली सहा पर्यायांची श्रेणी असते. ॲटॉप दृष्टिकोन मोजते, तर बेऑप लठ्ठपणा व्यक्तीच्या नियंत्रणात असतो की नसतो याविषयीची समजूत मोजते. याशिवाय वैद्यकीय विद्यार्थ्यांचाच विचार करून तयार केलेली ‘न्यू ॲटिट्यूड्स’ ही मोजपट्टी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात पोषण, व्यायाम आणि वजन-व्यवस्थापनाचे समुपदेशन यांविषयीची मतेही येतात. समुपदेशनाची तयारी हा अभ्यासाचा विषय असेल तर ती उपयोगी आहे, शुद्ध पूर्वग्रहासाठी मी ती घेणार नाही.

*सावधगिरी :* या मोजपट्ट्यांची दिशा एकसारखी नाही. फॅट फोबिया आणि अँटीफॅट प्रश्नावलीत गुण जितके जास्त, तितका पूर्वग्रह जास्त. ॲटॉपमध्ये गुण जास्त म्हणजे दृष्टिकोन अधिक अनुकूल. बेऑपमध्ये गुण जास्त म्हणजे लठ्ठपणा व्यक्तीच्या नियंत्रणापलीकडचा आहे ही समजूत अधिक दृढ. दोन मोजपट्ट्या वापरणार असाल तर सिनॉप्सिसमध्येच, म्हणजे प्रबंधाच्या सुरुवातीच्या आराखड्यातच, एक छोटा तक्ता करून प्रत्येकीपुढे ‘गुण वाढणे म्हणजे काय’ हे लिहून ठेवावे. ‘सहसंबंध ऋण आला, म्हणजे काहीतरी चुकले’ असे समजून बरोबर निष्कर्ष फेकून देण्याची वेळ मग येत नाही.

मोजपट्टी वापरण्यासाठी मूळ लेखकांची किंवा प्रकाशकांची परवानगी लागते का, हे याच टप्प्यावर ईमेलने विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. एखादे विधान आपल्याला रुचले नाही म्हणून वगळणे किंवा पाच पर्यायांचे चार करणे टाळावे. तसे केल्यास ती मोजपट्टी मूळची राहत नाही आणि इतर अभ्यासांशी तुलना करण्याचा अधिकार जातो.

टप्पा २-अ : प्रश्नावलीवर भागणार नसेल तर

‘लठ्ठ माणसे आळशी असतात’ याला उघडपणे होकार देऊ नये, हे आता बहुतेक विद्यार्थ्यांना कळते. त्यामुळे केवळ थेट प्रश्नांवर विसंबल्यास सौम्य चित्र मिळते. यावर दोन उपाय आहेत.

पहिला उपाय रुग्णकथेचा. एकच रुग्णकथा दोन रूपांत लिहावी आणि त्यांत वजनाखेरीज एका शब्दाचाही फरक ठेवू नये : हडपसरची ४२ वर्षांची स्त्री, उंची १५५ सेंटीमीटर, तीन दिवसांपासून कान दुखतो. एका रूपात वजन ५४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा निर्देशांक) सुमारे २२.५. दुसऱ्यात ९२ किलो, म्हणजे सुमारे ३८.३. प्रत्येक विद्यार्थ्याला यादृच्छिक पद्धतीने एकच रूप द्यावे आणि दोन्ही गटांना तेच प्रश्न विचारावेत : या रुग्णासाठी किती वेळ द्याल, ही सांगितलेली औषधे नियमित घेईल असे वाटते का, हिच्यावर उपचार करायला आवडेल का. येथे तक्रार निवडताना बारकाईने विचार करावा. गुडघेदुखी किंवा धाप घेतली, तर दोन रूपांना वेगळी उत्तरे देणे वैद्यकीय दृष्ट्या समर्थनीय ठरते आणि पूर्वग्रह व योग्य निर्णय यांची सरमिसळ होते. कानदुखीत वजनाचा संबंध नाही, म्हणून उत्तरांतील फरकाला दुसरे स्पष्टीकरण उरत नाही.

दुसरा उपाय इम्प्लिसिट असोसिएशन टेस्टचा, म्हणजे संगणकावर शब्द आणि चित्रे झटपट वर्गीकृत करायला लावून प्रतिसादाचा वेळ मोजण्याचा. ही चाचणी महाविद्यालयाच्या संगणक-कक्षात, शांततेत, सर्वांना एकसारख्या कीबोर्डवर द्यावी. प्रत्येकाच्या वेगवेगळ्या मोबाइलवर घेतलेले वेळ एकमेकांशी ताडून पाहू नयेत. चाचणीत ‘लठ्ठ’ एकदा चांगल्या आणि एकदा वाईट अर्थाच्या शब्दांसोबत एकाच बाजूला ठेवतात; अर्ध्या विद्यार्थ्यांना या जोड्यांचा क्रम उलटा द्यावा. २००३ साली सुचवलेल्या सुधारित गणनपद्धतीप्रमाणे १०,००० मिलिसेकंदांहून अधिक वेळ घेतलेले प्रतिसाद वगळावेत आणि ज्याचे १० टक्क्यांहून अधिक प्रतिसाद ३०० मिलिसेकंदांपेक्षा जलद आहेत, अशा विद्यार्थ्याची संपूर्ण नोंद वगळावी. या चाचणीचा निकाल आणि प्रश्नावलीचे गुण यांचा मेळ बहुधा क्षीणच असतो. म्हणून एकाच्या जागी दुसरे वापरता येत नाही, आणि एखाद्या विद्यार्थ्याला त्याचा वैयक्तिक निकाल ‘तू पूर्वग्रहदूषित आहेस’ अशा अर्थाने कधीही कळवू नये.

टप्पा ३ : मराठी रूप तयार करा

पुण्यातील एमबीबीएसच्या वर्गात इंग्रजी प्रश्नावली चालून जाईल. अभिमत विद्यापीठांत परप्रांतीय विद्यार्थी पुष्कळ असतात आणि तिथे मराठी रूप सर्वांना देताही येणार नाही. परंतु जीएनएम (नर्सिंगची पदविका), बीएस्सी नर्सिंग किंवा बीएएमएसच्या वर्गांत लातूर, बीड, सोलापूरकडून मराठी माध्यमातून शिकून आलेले विद्यार्थी असतात. नावड, संताप, किळस अशा भावनांविषयीचे प्रश्न त्यांना इंग्रजीत विचारले, तर उत्तर पूर्वग्रहाचे मिळते की इंग्रजीच्या आकलनाचे, हे सांगता येत नाही.

बीटन आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेला क्रम पाळावा. दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे मराठी अनुवाद करावा, त्यांपैकी एक आरोग्यक्षेत्राबाहेरची असावी. दोन्ही अनुवादांचा मेळ घालून एक रूप ठरवावे. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोन व्यक्तींनी ते पुन्हा इंग्रजीत आणावे. त्यानंतर भाषातज्ज्ञ, विषयतज्ज्ञ आणि अनुवादक यांच्या समितीने सर्व रूपे समोर ठेवून अंतिम मसुदा करावा. हे सर्व एथिक्स कमिटीकडे जाण्याआधी करता येते, कारण इथवर कोणताही विद्यार्थी सहभागी झालेला नसतो.

समितीने पुढील अडचणींकडे विशेष लक्ष द्यावे. फॅट फोबिया स्केलमधील ‘खायला आवडते – खायला आवडत नाही’ ही जोडी मराठी घरात दोषाची वाटत नाही. खवय्या असणे हे आपल्याकडे कौतुकाचे आहे, त्यामुळे या जोडीचे गुण बाकीच्या जोड्यांशी जुळत नाहीत असे आढळू शकते. ‘स्वार्थत्यागी’ या अर्थाचे विशेषण उपासतापास करणाऱ्या आईची आठवण करून देते आणि खाण्यावरील ताब्याऐवजी चांगुलपणा मोजू लागते. ‘सुडौल’ हा शब्द वाचताच उत्तर देणारा स्त्रीच्या देहाचा विचार करतो. अशा ठिकाणी शब्दशः अनुवादाचा आग्रह न धरता मूळ जोडी कशासाठी आहे ते पाहावे, आणि केलेला प्रत्येक बदल कारणासह नोंदवून ठेवावा. वजन जास्त असलेल्या व्यक्तीसाठी कोणता शब्द वापरायचा हेही एकदाच ठरवावे. ‘जाड’ बोलीत सौम्य आहे, ‘लठ्ठ’ टोचणारा आहे आणि ‘स्थूल’ पुस्तकी आहे. तिन्ही शब्द एकाच प्रश्नावलीत मिसळले, तर वेगवेगळ्या विधानांना मिळालेली उत्तरे त्या शब्दांमुळेच बदलतात.

टप्पा ४ : एथिक्स कमिटीची मंजुरी

‘नुसती प्रश्नावली आहे, मंजुरी कशाला’ हा विचार चुकीचा आहे. आयसीएमआरच्या २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अधिकाराच्या उतरंडीत खाली असलेले विद्यार्थी हा संरक्षणाची गरज असलेला गट आहे. इंटर्नल असेसमेंटचे गुण ज्यांच्या हातात आहेत त्या शिक्षकांनी वर्गात उभे राहून फॉर्म वाटले, तर संमतीपत्रावर सही असूनही ती संमती मोकळेपणाची ठरत नाही. म्हणून माहिती गोळा करणारी व्यक्ती त्या वर्गाला न शिकवणारी असावी, आणि कोणी भाग घेतला, कोणी घेतला नाही, हे शिक्षकांना कळणार नाही याची व्यवस्था प्रस्तावात शब्दशः लिहावी.

अभ्यासाचे संपूर्ण उद्दिष्ट आधी सांगितल्यास उत्तरे सावध होतात. ‘रुग्णांविषयीचे विद्यार्थ्यांचे दृष्टिकोन’ असे व्यापक शीर्षक द्यायचे असेल, तर माहितीचा काही भाग सुरुवातीला राखून ठेवला जाणार आहे हे कमिटीला स्पष्ट सांगून मंजुरी घ्यावी, आणि शेवटच्या पानावर खरा उद्देश सांगून उत्तरे मागे घेण्याची संधी द्यावी. हे न सांगता शीर्षक बदलणे म्हणजे फसवणूक होय.

वर्गात असेही विद्यार्थी असतात ज्यांना लहानपणापासून वजनावरून चिडवले गेले आहे, किंवा जे खाण्याच्या विकारातून जात आहेत. नावड व्यक्त करणारी तेरा-चौदा विधाने ओळीने वाचणे त्यांना त्रासदायक होऊ शकते. महाविद्यालयाच्या समुपदेशकांची वेळ आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक माहितीपत्रकावरच छापावा.

*सावधगिरी :* वर्गात वजनकाटा ठेवून वजने घेऊ नयेत. कलंकाचा अभ्यास करताना कलंक निर्माण करण्याचा तो सरळ मार्ग आहे. उंची व वजन हवेच असेल तर ते स्वतः नोंदवण्यास सांगावे, ते ऐच्छिक ठेवावे, आणि बीएमआयचे गट करताना भारतीयांसाठी वापरल्या जाणाऱ्या २३ आणि २५ या मर्यादा घेतल्या की २५ आणि ३० या, हे आधीच ठरवून लिहावे.

टप्पा ५ : नमुन्याचा आकार आणि निवड

सरासरी गुण अंदाजायचे असतील तर सूत्र सोपे आहे : १.९६ गुणिले प्रमाण विचलन, भागिले स्वीकारार्ह चूक, आणि आलेल्या उत्तराचा वर्ग. उदाहरणादाखल प्रमाण विचलन ०.६ आणि स्वीकारार्ह चूक ०.१ धरल्यास १३९ विद्यार्थी लागतात. परंतु आपण विद्यार्थी सुटे निवडत नाही, पूर्ण बॅच निवडतो, आणि एका बॅचमधील विद्यार्थ्यांची मते एकमेकांशी मिळतीजुळती असतात. ४० जणांची बॅच आणि ०.०२ इतका बॅचअंतर्गत सहसंबंध धरला, तर डिझाइन इफेक्ट (पूर्ण बॅच निवडल्यामुळे नमुना किती पट वाढवावा लागतो तो आकडा) १ + ३९ × ०.०२, म्हणजे १.७८ येतो आणि संख्या २४८ होते. दर दहांपैकी आठच जण भाग घेतील असे धरल्यास ३१० जणांना विचारावे लागेल. दोन शाखांची तुलना हा मुख्य हेतू असेल, तर ०.४ प्रमाण विचलनाचा फरक ८० टक्के शक्तीने (म्हणजे फरक खरोखर असल्यास तो दिसण्याची शक्यता ८० टक्के ठेवून) पकडण्यासाठी प्रत्येक गटात सुमारे ९८ जण लागतात, आणि त्यावरही डिझाइन इफेक्ट लावावाच लागतो.

व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकून मिळालेल्या उत्तरांना प्रतिसादाचे प्रमाण नसते, कारण लिंक किती जणांनी पाहिली हे कळत नाही. त्याऐवजी रोल नंबरांच्या यादीतून निवड करावी आणि यादीतील किती जणांना विचारले, किती जणांनी भरले, हे दोन्ही आकडे ठेवावेत. आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय आणि अभिमत विद्यापीठ यांतील फी, प्रवेशप्रक्रिया आणि विद्यार्थ्यांची पार्श्वभूमी वेगळी असते. दोन्हींतून विद्यार्थी घेतल्यास संस्थेचा प्रकार हा घटक नोंदवावा, मात्र अहवालात संस्थेचे नाव देऊ नये.

टप्पा ६ : फॉर्मची मांडणी

प्रश्नांचा क्रम पुढीलप्रमाणे असावा : प्रथम माहितीपत्रक व संमती, मग रुग्णकथा असल्यास ती, मग दृष्टिकोनाची मोजपट्टी, नंतर ज्ञानाचे प्रश्न, त्यानंतर वय, लिंग, शाखा, वर्ष, आणि सर्वांत शेवटी स्वतःची उंची व वजन. स्वतःचे वजन आधी लिहायला लावले, तर पुढचे प्रत्येक उत्तर त्या सावलीत दिले जाते. ज्ञानाचे प्रश्न आधी आले, तर ते नकळत धडा देतात.

गूगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याची सोय बंद ठेवावी. ‘एकच प्रतिसाद’ ही मर्यादा लावल्यास विद्यार्थ्याला आपल्या खात्यातून लॉग-इन व्हावे लागते आणि वर आपलेच नाव दिसले की त्याचा निनावीपणावरचा विश्वास उडतो, मग तुम्ही काहीही लिहिलेले असो. दहा पर्यायांची आडवी श्रेणी मोबाइलच्या पडद्यावर मावत नाही आणि उजवीकडचे पर्याय सरकवल्याशिवाय दिसत नाहीत. परिणामी उत्तरे डावीकडे झुकतात. फॉर्म दोन-तीन वेगवेगळ्या, स्वस्तातल्याही, मोबाइलवर उघडून पाहावा. दृष्टिकोनाच्या विधानांना उत्तर देणे सक्तीचे करू नये. जिथे जागा आणि शांतता मिळेल तिथे छापील फॉर्म आणि बंद पेटी हा पर्याय मला अजूनही अधिक भरवशाचा वाटतो.

लहान गटांत निनावीपणा नावापुरताच राहतो. जीएनएमच्या तिसऱ्या वर्षात दोनच मुलगे असतील, तर शाखा, वर्ष आणि लिंग या तीन उत्तरांवरून ते ओळखता येतात. असे गट आधीच शोधून पर्याय एकत्र करावेत.

अध्यापनाच्या आधी आणि नंतर असे दोनदा मोजायचे असेल, तर जोड्या लावण्यासाठी विद्यार्थ्याने स्वतः बनवलेले संकेतचिन्ह घ्यावे : आईच्या नावाचे पहिले अक्षर, स्वतःच्या जन्मतारखेतील दिवस आणि मोबाइलचे शेवटचे दोन आकडे. रोल नंबर कधीही मागू नये.

टप्पा ७ : आकलन-मुलाखती आणि पथदर्शी चाचणी

मंजुरीनंतर, मुख्य नमुन्यात न येणाऱ्या ३० ते ४० विद्यार्थ्यांना मराठी रूप द्यावे. त्यांतील काहींसोबत बसून प्रत्येक विधानावर ‘हे वाचून तुम्हाला काय समजले’ असे विचारावे आणि त्यांच्याच शब्दांत उत्तर लिहून घ्यावे. ‘समजले का’ असे विचारल्यास सगळे ‘हो’ म्हणतात, म्हणून तो प्रश्न टाळावा. या फेरीनंतर शब्द बदलल्यास बदललेले रूप एथिक्स कमिटीला कळवून मान्यता घ्यावी. शक्य असल्यास त्याच विद्यार्थ्यांकडून सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा भरून घेऊन उत्तरे कितपत स्थिर राहतात ते पाहावे.

टप्पा ८ : माहिती गोळा करणे

लठ्ठपणावरील व्याख्यान झाल्याच्या दिवशी, ४ मार्चच्या जागतिक लठ्ठपणा दिनाच्या आठवड्यात किंवा विद्यापीठाच्या परीक्षेच्या तोंडावर फॉर्म देऊ नयेत. गणपतीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी निम्मा वर्ग गावी गेलेला असतो आणि उरलेले कोण, हे योगायोगाचे नसते. सर्व बॅचमध्ये तेच माहितीपत्रक, तीच सूचना आणि शक्यतो दिवसाची तीच वेळ असावी. शेजारी बसून चर्चा करत भरलेले फॉर्म दोघांचे मिळून एकच मत सांगतात, म्हणून अंतर ठेवून बसवावे. सीआरला, म्हणजे वर्गप्रतिनिधीला, फॉर्म गोळा करायला सांगू नये.

टप्पा ९ : गुणांकन

सर्वाधिक प्रबंध येथे चुकतात. मूळ फाइलची प्रत जशीच्या तशी वेगळी ठेवून काम दुसऱ्या प्रतीवर करावे.

सर्वप्रथम उलट गुणांची विधाने ओळखावीत. फॅट फोबिया स्केलच्या लघुरूपात निम्म्या जोड्यांत लठ्ठपणाशी जोडले जाणारे साचेबंद विशेषण डावीकडे आहे आणि निम्म्यांत उजवीकडे. ते एका दिशेला न आणता सरासरी काढली, तर कितीही पूर्वग्रह असला तरी गुण ३ च्या आसपास येतात आणि ‘विद्यार्थी तटस्थ आहेत’ असा पूर्णपणे खोटा निष्कर्ष निघतो. ॲटॉपमध्ये ठरलेल्या विधानांची चिन्हे उलटवून २० विधानांची बेरीज करावी आणि तीत ६० मिळवावेत, म्हणजे गुण ० ते १२० या पट्ट्यात येतात. बेरीज उणे ८ आली असेल तर गुण ५२. बेऑपमध्ये ८ विधानांच्या बेरजेत २४ मिळवावेत, पट्टा ० ते ४८.

*पडताळणी :* उलटवून झाल्यावर प्रत्येक विधानाचा बाकीच्या एकूण गुणांशी सहसंबंध पाहावा. एखादा स्पष्टपणे ऋण असेल, तर ते विधान उलटवायचे राहिले आहे, दोनदा उलटवले गेले आहे, किंवा अनुवाद फसला आहे. क्रॉनबॅक अल्फा (मोजपट्टीतील विधाने एकमेकांशी कितपत जुळतात हे सांगणारा आकडा) ऋण आला तरी हेच समजावे. तो आकडा ‘विश्वासार्हता कमी’ म्हणून प्रबंधात लिहून पुढे जाऊ नये. तीनच विधानांच्या उपविभागाचा अल्फा स्वभावतःच कमी येऊ शकतो, त्यामुळे सोबत विधानांतील सरासरी सहसंबंधही द्यावा. मूळ अभ्यासातील अल्फा उद्धृत करून भागत नाही, आपल्या विद्यार्थ्यांवरील अल्फा स्वतंत्रपणे काढावाच लागतो.

सर्व विधानांना एकच आकडा देणारे फॉर्म, विशेषतः उलट विधाने असलेल्या मोजपट्टीत, निष्काळजीपणे भरलेले असतात. ते वगळण्याचा नियम उत्तरे पाहण्याआधी ठरवलेला असावा. अनुत्तरित विधानांच्या जागी शून्य टाकू नये, कारण अँटीफॅट प्रश्नावलीत शून्य हे ‘मुळीच सहमत नाही’ असे खरे उत्तर आहे.

टप्पा १० : विश्लेषण आणि लेखन

या मोजपट्ट्या निदानाच्या नाहीत. त्यामुळे मध्यकावर वर्ग दुभागून ‘५० टक्के विद्यार्थ्यांमध्ये पूर्वग्रह आढळला’ असे लिहिणे निरर्थक आहे. मध्यकावर दुभागल्यावर कुठल्याही वर्गात जवळपास निम्मेच येणार. गुण सलग ठेवावेत, सरासरीसोबत ९५ टक्के विश्वास-अंतराळ द्यावे, आणि लिंग, वर्ष, शाखा व स्वतःचा बीएमआय यांचा परिणाम एकत्रित प्रतिगमनात पाहावा, ज्यात बॅचची रचना विचारात घेतलेली असेल. पहिल्या वर्षापेक्षा चौथ्या वर्षाचे गुण कमी आले, तर ‘शिक्षणाने पूर्वग्रह घटला’ असे म्हणता येत नाही. ती दोन वेगळी माणसे आहेत आणि त्यांना एकाच दिवशी विचारले आहे.

लेखनात ‘लठ्ठ रुग्ण’ऐवजी ‘लठ्ठपणा असलेले रुग्ण’ असे लिहावे. पोस्टरवर मान कापलेल्या देहांची छायाचित्रे लावू नयेत. छेडछाड किंवा हेटाळणीच्या अनुभवांची उत्तरे मिळाली असतील, तर पोस्टिंगचा विभाग, वर्ष, तारीख अशा खुणा काढूनच ती उद्धृत करावीत. परिशिष्टात अंतिम मराठी प्रश्नावली, बदलांची नोंद, गुणांकनाचा तक्ता आणि परवानगीचा ईमेल जोडावा, आणि ज्या बॅचनी उत्तरे दिली त्यांच्यापुढे एकत्रित निष्कर्ष मांडण्यासाठी विभागप्रमुखांकडून एका तासाची वेळ प्रबंध सादर होण्यापूर्वीच मागून घ्यावी.